मिलानचा अर्धा चौक

इटलीतल्या मिलान शहराच्या मध्यभागी एक प्रचंड कॅथेड्रल आहे आणि त्याच्यापुढे मोठा चौक. चौकाच्या दुसऱ्या टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला काचेच्या छताची प्रसिद्ध बाजारपेठ येते, उजव्या हाताला राजवाडा. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाला एवढेच साहित्य लागले. तेही प्रत्यक्षातले नव्हे, आठवणीतले!

त्यांचे दोन्ही रुग्ण या चौकाशी चांगले परिचित होते. दोघांच्याही मेंदूच्या उजव्या गोलार्धाला इजा झालेली होती. अशा इजेनंतर काही जणांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातले डावीकडचे अन्न तसेच राहते, डाव्या गालाची दाढी करायची राहते. डोळे चांगले असले तरी असे घडते. शिवाय काही राहून गेले आहे, हे बऱ्याचदा त्यांच्या गावीही नसते.

डावीकडची माहिती मेंदूत नीट पोचत नसेल, असे आपल्याला सहज वाटेल. पण डोळ्यांपुढे काहीच नसताना काय होईल? चौकाच्या टोकाला उभे राहून कॅथेड्रलकडे पाहत आहात अशी कल्पना करा आणि काय दिसते ते सांगा, असे रुग्णांना सांगितले. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या बहुतेक गाळल्या. कुणी म्हणेल, विसरले असतील. म्हणून पुढची सूचना दिली: आता कॅथेड्रलच्या दारात उभे राहून चौकाकडे पाहा. मघाशी गाळलेल्या इमारती आता उजवीकडे आल्या होत्या, आणि त्या बरोबर आठवल्या! मघाशी सांगितलेल्या मात्र डावीकडे गेल्या आणि बहुतेक गळाल्या.

मला ही दुसरी सूचना सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे विस्मरणाची शंका संपली. स्मृतीत चौक पुरा होता; मनात चित्र उभे करताना त्याची डावी बाजू निसटत होती. म्हणजे कल्पनेतल्या जागेलाही पाहणाऱ्याच्या संदर्भाने डावे-उजवे असते.

मग दिसणारी जागा आणि कल्पनेतली जागा मेंदूचा एकच भाग सांभाळतो का? प्रकरण इतके सरळ नाही. १९९३ साली चेचिलिया ग्वारिल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या उजव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. समोरच्या वस्तूंची डावी बाजू त्याच्या लक्षातून सुटत नव्हती. ओळखीची जागा मनात आणून वर्णन करताना मात्र तिची डावी बाजू गळत असे.