आवडीच्या ठरावातील एक विशेषण

जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळील आवडी येथे, उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. मूळ इंग्रजी विशेषण ‘सोशॅलिस्टिक’ होते, ‘सोशॅलिस्ट’ नव्हे. ‘धर्तीच्या’ या शब्दात तो संकोच उतरतो. मराठीत मात्र सुटसुटीत ‘समाजवादी समाजरचना’च अधिक रुळली. मथळ्याला जास्त अक्षरे परवडत नाहीत, हे खरे. पण त्या काटकसरीत शंकाही गळाली.

लगोलग फेब्रुवारीत आंध्रात निवडणूक झाली. कम्युनिस्टांविरुद्ध संयुक्त आघाडी उभी होतीच. शिवाय समाजवादाची भाषा आता सत्ताधाऱ्यांच्याही मुखी होती. ‘प्राव्दा’ने केलेली नेहरूंची प्रशंसा काँग्रेसने प्रचारात खुबीने वापरली. कम्युनिस्टांना १९६ पैकी १५ जागा मिळाल्या. मॉस्कोचा अग्रलेख खोटा ठरविणे त्यांना शक्य नव्हते.