लाकडी मजल्यांचे जोडकाम
लाकडी मजल्याचा भार विटांची भिंत, पोलादी तुळई किंवा काँक्रीटचा सांगाडा यांवर सोपविणारी, तसेच वारा व भूकंप यांच्या आडव्या प्रेरणा त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी रचना. येथे भिन्न गुणधर्मांची द्रव्ये एकत्र येतात. लाकूड जलांशानुसार फुगते व आकसते. तंतूंच्या काटकोनात ताण पडल्यास ते सहज चिरते. त्यामुळे सांध्याचा दोष हा पुष्कळदा संपूर्ण इमारतीचा दोष ठरतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशातील गिरण्यांत जाड तुळयांवर सु. ७·५ ते १० सेंमी. जाडीच्या फळ्या घालून मजले बांधीत. जाड लाकूड हळूहळू जळत असल्याने या पद्धतीस ‘मंदज्वलन बांधकाम’ म्हणत आणि आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांनी तिचा पुरस्कार केला. भिंतीत शिरणारे तुळईचे टोक वरच्या अंगाने तिरपे कापलेले असे. तुळई जळून खचली, तर असे टोक भिंतीतून अलगद निसटे. सरळ कापलेले टोक मात्र फिरताना भिंत उचकटून पाडी. आगीत सुटणारा जोड हाच येथे चांगला जोड होता.

भूकंपप्रवण प्रदेशात याच्या उलट अनुभव आला. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो येथे झालेल्या भूकंपात काँक्रीटच्या भिंती व प्लायवुडची छपरे असलेल्या अनेक औद्योगिक इमारतींची हानी झाली. भिंतीला बोल्टांनी जखडलेल्या लाकडी पट्टीवर प्लायवुडच्या कडा केवळ खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. भिंत बाहेर ओढली जाताच पट्टी तंतूंच्या दिशेने चिरली किंवा खिळे उपटले गेले आणि छपराचा आधार नाहीसा झाला. यानंतर बांधकाम-संहितेत अशा रचनेस मनाई करण्यात आली व भिंत थेट छपराच्या किंवा मजल्याच्या तुळयांशी पोलादी बंधांनी जोडणे आवश्यक ठरले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात असे बंधही काही ठिकाणी अपुरे पडले. त्यामुळे ते अधिक बळकट करण्याचे नियम झाले.

१९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रिया, जर्मनी इ. देशांत क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर हे द्रव्य विकसित झाले. यात फळ्यांचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवितात. त्यामुळे पट्टाच्या प्रतलात आकुंचन अत्यल्प होते. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील तंत्रविद्यापीठात गेरहार्ट शिकहोफर यांनी केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. असे मोठे पट्ट मजला म्हणून वापरता येऊ लागल्यावर जोडांचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला.

कॅनडातील व्हँकूव्हर येथील ब्रॉक कॉमन्स (२०१७) या १८ मजली, सु. ५३ मी. उंचीच्या विद्यार्थी वसतिगृहात काँक्रीटचे दोन गाभे आहेत. लाकडी स्तंभांचा भार नळीसारख्या पोलादी जोडांतून थेट खालच्या स्तंभावर जातो. त्यामुळे मधला मजल्याचा पट्ट चिरडला जात नाही. मजल्यावरील आडव्या प्रेरणा पोलादी पट्ट्यांनी गाभ्यांपर्यंत नेल्या आहेत. गाभ्यांपेक्षा लाकडी स्तंभ अधिक आखूड होतात. हा फरक भरून काढण्यासाठी काही मजल्यांवर पातळ पोलादी चकत्या घातल्या आहेत.

पोलादी सांगाड्यात पट्ट तुळईच्या वरच्या पाळीवर ठेवून पाळीतील छिद्रांतून खालून स्क्रू बसवितात किंवा तुळईला वितळजोड दिलेल्या खुंट्यांभोवती पट्टात खाचा ठेवून त्या सिमेंटच्या लगद्याने भरतात. आगीत लाकूड मिनिटास सु. ०·६५ मिमी. या वेगाने कोळसते, परंतु उघडे पोलाद लवकर तापून दुर्बळ होते. म्हणून धातूचे जोड लाकडाच्या आत किंवा अग्निरोधक आवरणाखाली ठेवतात.

जुन्या गिरणीतील जोड सुटण्यासाठी होता, आजचा धरून ठेवण्यासाठी असतो. त्याने भूकंपात घट्ट राहावे, लाकडाच्या आकुंचनास वाव द्यावा आणि आगीतही टिकावे, अशा काहीशा परस्परविरोधी अपेक्षा त्याच्याकडून असतात.