सुरी, मीठ आणि सोऱ्या

गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांला घरी बोलावले. घराला आशीर्वाद द्यायचा असेल अशा समजुतीने आम्ही पवित्र पाण्याची कुपी घेऊन गेलो, तर टेबलावर एक चकाकते यंत्र मांडून ठेवलेले. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने ते आणले होते. विजेवर चालणारे, मांसाचा खिमा करणारे. माहेर गोव्याचे असलेल्या आजीबाई कोपऱ्यात पाठ फिरवून बसल्या होत्या. ‘पन्नास वर्षं मी सुरीनं मांस कापून चोरीस केले, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही,’ असे त्यांचे म्हणणे. मुलगा म्हणत होता की आता दहा मिनिटांत काम होईल. सुनेचा प्रश्न अधिक व्यवहारी होता: ‘फादर, एवढं एक यंत्र पुरतं का? आणखी काय काय घ्यावं लागतं?’

आता सेमिनरीत आम्ही थोडेफार लॅटिन शिकलो, सॉसेज शिकलो नाही. पण नंतर विचार करता ध्यानात आले, की या वादात लॅटिनचाही थोडा उपयोग आहे. सॉसेज या शब्दाचे मूळ लॅटिन ‘साल्सुस’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘खारवलेले’. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना सुरीही ठाऊक होती आणि खलबत्ताही, परंतु पदार्थाला नाव दिले ते मिठाचे. सुनेच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या नावात दडलेले आहे.

मांस बारीक करून प्राण्याच्याच आतड्यात किंवा कोथळ्यात भरावे ही कल्पना फार प्राचीन. होमरच्या ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात विस्तवासमोर उलटसुलट फिरवल्या जाणाऱ्या, चरबी व रक्त भरलेल्या कोथळ्याची उपमा आली आहे. रोमन लोकांच्या आवडत्या सॉसेजचे नाव ‘लुकानिका’. दक्षिण इटलीतील लुकानिया प्रांतातल्या लोकांकडून आपल्या सैनिकांनी ते उचलले, असे व्हारो हा विद्वान सांगतो. स्पेनमधील ‘लाँगानिसा’ आणि ग्रीसमधील ‘लुकानिको’ ही त्याच नावाची नातवंडे. आपिकियुसच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात त्याची कृती आहे: मिरी, जिरे आणि इतर पाले कुटावेत, कुटलेल्या मांसात ते मिसळावेत, ताणून पातळ केलेल्या आतड्यात भरावे आणि धुरात टांगावे. या संपूर्ण कृतीत साधने किती? कुटण्याचे, भरण्याचे आणि टांगण्याचे. यंत्र म्हणावे असे एकही नाही.

पोर्तुगालमध्ये डुक्कर मारण्याचा हंगाम हिवाळ्यात असे. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास तो सुरू होई आणि उपवासकाळ लागण्यापूर्वी संपे. हे वेळापत्रक श्रद्धेइतकेच थंडीनेही ठरवलेले होते. थंड हवेत मांस लवकर बिघडत नाही, चरबी घट्ट राहते आणि आतल्या मिठाला आपले काम करायला अवधी मिळतो. थंडी हे त्या शेतकऱ्याचे सर्वांत मोठे आणि फुकटचे साधन होते.

१५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले आणि १५३४ मध्ये आमची वसई त्यांच्या ताब्यात गेली, तेव्हा ते आपल्याबरोबर ‘शोरिसू’ घेऊन आले. थंडी मात्र आणू शकले नाहीत. कोकणच्या दमट उष्म्यात पोर्तुगालची कृती जशीच्या तशी चालणे अशक्य होते. गोव्याच्या स्वयंपाकघराने यावर जो तोडगा काढला, त्याला आम्ही विज्ञानच म्हणू. द्राक्षांच्या मद्याऐवजी माडाच्या ताडीचा शिरका आला आणि अमेरिकेतून पोर्तुगिजांच्याच गलबतांनी आणलेली लाल मिरची आली. मांसाचे तुकडे मिठात मुरवून दगडाखाली दाबायचे, म्हणजे पाणी निघून जाते. मग उन्हात वाळवायचे, शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात मुरवायचे, आतड्यात भरून गाठी मारायच्या आणि चुलीच्या धुरावर माळा टांगायच्या. हंगामही बदलला. हिवाळ्याऐवजी पावसाळ्यापूर्वीचे कडक ऊन निवडले गेले, कारण बेगमी पावसाळ्याची करायची होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही लटकलेल्या दिसतात त्या माळांमागे हा सारा हिशेब आहे. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा या तिघांनी मिळून थंडीची जागा घेतली.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. गोव्याच्या चोरीसमध्ये मांसाचा खिमा नसतो, बोटाच्या पेराएवढे तुकडे असतात. आजीबाईंची सुरी ही गरिबीची खूण नव्हती. त्या पदार्थाचे तेच योग्य साधन होते. धारदार सुरी चरबी स्वच्छ कापते, चिरडत नाही. कापताना प्रत्येक तुकडा हाताखालून जातो, त्यामुळे हाड, गाठ किंवा संशयास्पद भाग नजरेतून सुटत नाही.

मग खिम्याचे यंत्र आले कोठून? त्याचे श्रेय सामान्यतः बाडेनच्या कार्ल ड्राइस यांना दिले जाते. पायाने ढकलत चालवायची दुचाकी १८१७ मध्ये रस्त्यावर आणणारे, म्हणजे सायकलचे पूर्वज, ते हेच. रचना साधी आहे. नळकांड्यात एक मळसूत्र फिरते, ते मांस पुढे ढकलते, टोकाशी चार पात्यांची सुरी फिरते आणि भोकांच्या जाळीतून खिमा बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज कंपनीसारख्या कारखान्यांनी कल्हई केलेल्या बिडाची, टेबलाच्या कडेला आवळून बसवायची यंत्रे घरोघरी पोहोचवली. त्यांच्या आकारांना दिलेले ५, १०, १२, २२, ३२ असे क्रमांक आजही चालतात. क्रमांक जितका मोठा, तितके तोंड रुंद. चार-पाच माणसांच्या घराला ८ किंवा १० क्रमांकाचे पुरे.

परंतु बारीक केलेल्या मांसाने एक जुना धोका नव्याने दाखवून दिला. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुधा पृष्ठभागावर. खिमा करताना बाहेरचा भाग आत जातो आणि एका बिघडलेल्या तुकड्याचा दोष साऱ्या घाण्यात पसरतो. जर्मनीत डुकराचा कच्चा खिमा पावावर पसरून खाण्याची प्रथा होती. १८६० मध्ये ड्रेस्डेन येथे झेंकर यांनी एका मृत मोलकरणीच्या स्नायूंत ट्रिकिना हे सूक्ष्म कृमी पाहिले आणि ते डुकराच्या मांसातून माणसाला मारतात हे सिद्ध केले. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात अशाच मांसाने तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे शंभर दगावले. त्यानंतर रुडॉल्फ फिर्खो यांनी प्रत्येक डुकराच्या मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी असा आग्रह धरला. त्याच वर्षी बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले होते. तेव्हा फिर्खोंनी शस्त्र म्हणून दोन सॉसेज पुढे केले, एक निर्दोष आणि एक कृमींनी भरलेले, अशी आख्यायिका आहे. आव्हान खरे, सॉसेजची गोष्ट बहुधा रचलेली. पण रचणाऱ्याला जर्मनीची नस सापडली होती, यात शंका नाही.

दुसरा धोका कृमींपेक्षा सूक्ष्म होता आणि त्यानेही लॅटिनमधील सॉसेजचेच नाव घेतले आहे. ‘बोटुलुस’ म्हणजे सॉसेज, त्यावरून ‘बोटुलिझम’. १७९३ मध्ये व्युर्टेम्बर्गमधील विल्डबाड येथे डुकराच्या कोथळ्यात भरलेले रक्ताचे सॉसेज खाऊन १३ जण आजारी पडले, त्यांतले ६ मरण पावले. पुढे युस्टिनुस केर्नर या वैद्याने (हे कवीही होते) अशा रुग्णांच्या नोंदी जमवल्या. १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात दीडशेवर रुग्णांचे वर्णन आहे. पापण्या मिटतात, तोंड कोरडे पडते, स्नायू लुळे होतात, आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत राहते. केर्नर यांनी तो विषारी अर्क स्वतःही थोडा घेऊन पाहिला. हे विष हवाबंद जागेत तयार होते, हे त्यांनी ओळखले. गच्च भरलेला कोथळा ही तशीच जागा.

कारणाचा शोध मात्र १८९५ च्या डिसेंबरात लागला. बेल्जियममधील एलेझेल या खेड्यात एका अंत्यविधीला वाजवणाऱ्या वाद्यवृंदाने मागाहून खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. ३४ जणांनी ते खाल्ले आणि तिघांचा अंत झाला. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून आणि मृताच्या शरीरातून तो जंतू वेगळा केला. एका मयताला वाजवायला आलेल्यांची आणखी तीन मयते व्हावीत, हे वाचताना आम्ही काही क्षण पुस्तक मिटून ठेवले होते. या जंतूचे बीज साध्या उकळण्याने मरत नाही. त्याने तयार केलेले विष मात्र नीट उकळल्यास नष्ट होते. आपल्याकडे चोरीस पाण्यात चांगले शिजवूनच खाण्याची पद्धत आहे, ती मोडू नये.

जुने लोक मांसाला सोरा लावत, तो लाल रंगासाठी, अशी समजूत होती. १८९१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ पोलेन्स्के यांनी दाखवले, की सोऱ्यातील नायट्रेटचे जंतूंच्या क्रियेने नायट्राइट होते. खरे काम करते ते हेच, आणि बोटुलिझमच्या जंतूलाही तेच रोखते. १९२५ मध्ये अमेरिकेत त्याच्या थेट वापराला परवानगी मिळाली. आज ते मिठात ६.२५ टक्के मिसळून विकले जाते आणि किलोभर मांसाला अडीच ग्रॅम पुरते. अडीच ग्रॅम चमच्याने मोजता येत नाहीत, आणि प्रमाण चुकून वाढले तर हे द्रव्य स्वतःच विष आहे. शिवाय प्रक्रिया केलेल्या मांसाचा कर्करोगाशी संबंध असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ मध्ये दिला आहे. सॉसेज हा सणाचा पदार्थ होता. तो रोजच्या न्याहारीचा झाला, ही अलीकडची गोष्ट.

एवढा इतिहास डोक्यात घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. सूनबाईंना सांगितले, की पहिली खरेदी वजनकाट्याची करा. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा. मांसाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के मीठ हे अंदाजाने टाकायचे नाही. दुसरी खरेदी मांसात खुपसायच्या तापमापकाची. ताजे सॉसेज शिजवताना आतले तापमान ७१ अंश सेल्सियसला पोहोचलेच पाहिजे. तिसरी गोष्ट घरात आहेच, ती म्हणजे शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा. खिमा करण्यापूर्वी मांस आणि यंत्राची नळी, सुरी, जाळी हे सारे अर्धा तास तेथे ठेवावे. मे महिन्याच्या उष्म्यात गरम यंत्रातून मांस काढले तर चरबी वितळून चिकटते आणि जंतूंना मेजवानी मिळते. जाळी आणि सुरी एकमेकींवर घासून जुळतात, म्हणून दोन यंत्रांच्या सुऱ्यांची अदलाबदल करू नये. अॅल्युमिनियमचे भाग खारट-आंबट मांसाने काळवंडतात. पोलाद परवडत असेल तर पोलादच घ्यावे.

भरण्यासाठी खिम्याच्याच यंत्राला नळी लावतात, पण त्यात मांस दुसऱ्यांदा मळसूत्रातून जाते आणि लगदा होतो. त्यासाठी वेगळे यंत्र असते, त्यात दट्ट्या मांसाला नळीतून सरळ ढकलतो. हे समजावून सांगताना आम्हांला शब्द सुचेना, तेव्हा आजीबाईच पाठ वळवून म्हणाल्या, ‘म्हणजे चकलीचा सोऱ्या की!’ अगदी तेच. चोरीसच्या तुकड्यांना तर साधे रुंद तोंडाचे नरसाळे आणि अंगठा पुरतो.

मे महिन्यात त्यांनी चोरीस केले. चार किलो मांस आजीबाईंनी सुरीने कापले, मीठ नव्या काट्यावर मोजले गेले आणि आंबट-तिखट वासाने अर्धी आळी दारात आली. आखाती यंत्र त्या दिवशी पेटीतच राहिले. ते नातवंडांच्या कटलेटांसाठी निघते. आमच्या वाट्याची माळ चर्चच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. आजीबाईंनी बजावले आहे की पहिला पाऊस पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर पाऊण तास शिजवल्याशिवाय खायची नाही.