परसातले सुगंधी गवत

भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागले की राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी गावे लागतात. इथल्या जुन्या घरांच्या मागे, मोरीचे पाणी जिरते त्या जागी, गवती चहाचे बेट अजून दिसते. मीरा रोडच्या इमारतींमध्ये तेच गवत गॅलरीतल्या कुंडीत येऊन बसले आहे. पावसाळ्यात चार पाती आल्याबरोबर चहात, आणि घरात कोणाला सर्दीताप आला की तीच पाती काढ्यात. या ओळखीच्या गवताचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

पातीच्या पेशींमध्ये बाष्पनशील तेल असते आणि त्यात सुमारे 70 ते 80 टक्के सिट्रल. लिंबाला लिंबाचा वास येतो तोही मुख्यतः सिट्रलमुळेच. पण लिंबाच्या सालीच्या तेलात ते जेमतेम दोन ते पाच टक्के असते. म्हणजे लिंबाच्या वासात गवत लिंबाच्या पुढे आहे! पाती फार वेळ उघड्यावर उकळू नयेत, झाकण ठेवावे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, ते बरोबरच आहे. वाफेबरोबर तेल निघून जाते.

या कुळातले आणखी एक गवत महाराष्ट्राला जुने ठाऊक आहे. ते खानदेशातले रोशा गवत. एकोणिसाव्या शतकात तिथे भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. भेसळ ही काही आजची कला नव्हे.

गवती चहाच्या तेलाचे नशीब उघडले ते प्रयोगशाळेत. व्हायोलेट फुलांचा अर्क अत्यंत महाग होता. त्या वासाच्या शोधात असलेल्या टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी 1893 साली सिट्रल आणि ॲसिटोन यांच्यापासून आयोनोन बनवले. वास हुबेहूब व्हायोलेटचा! पुढे 1947 साली स्वित्झर्लंडमध्ये ओटो इसलर यांनी याच आयोनोनच्या एका रूपापासून जीवनसत्त्व 'अ' तयार करण्याची कारखान्यात चालणारी पद्धत दिली. केरळातल्या गवताच्या तेलाला परदेशात मोल होते ते यामुळे. नंतर कारखान्यांनी इतर कच्च्या मालापासून सिट्रल बनवायला सुरुवात केली, आणि गवताच्या तेलाची मक्तेदारी गेली. डोंगरउतारावर गवत लावणाऱ्या शेतकऱ्याचा या रसायनशास्त्रात काहीच दोष नव्हता.

आता औषधाचे. 'गवती चहाने ताप उतरतो, झोप लागते' ही समजूत आपल्याकडे आहे, तशी ब्राझीलमध्येही आहे. तिथल्या संशोधकांनी ती तपासली. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्वयंसेवकांना या पातींचा चहा दिला. तो अपायकारक आढळला नाही. पण झोपेवर किंवा अस्वस्थतेवर त्याचा परिणामही दिसला नाही. मला वाटते, तापात बरे वाटते त्याचे बरेचसे श्रेय गरम पाण्याला, आल्याला आणि जवळ बसणाऱ्या माणसाला द्यावे. चहा जरूर प्यावा. मात्र ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्यावे. आपल्या भागात मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही आहेत, आणि काढ्यावर विसंबून घालवलेले दिवस महाग पडतात.

एक गंमत राहिली. केरळातले तेलाचे गवत ती वेगळी जात. आपल्या परसातली जात व्यापारात 'वेस्ट इंडियन' म्हणून ओळखली जाते, जरी ती मूळची आशियातली मानतात! क्यू येथील ओटो श्टाफ यांनी 1906 साली या तेलगवतांची नीट वर्गवारी केली. परसातल्या जातीला फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे बी नाही. ती वाढते फुटव्यांनी. शेजारणीने मुळासकट उपटून दिलेला फुटवा म्हणजे तिच्याच बेटाचा तुकडा, आणि तिचे बेट आणखी कोणाच्या तरी परसातले. वर्गात मुलांना आपापल्या घरातला फुटवा कुठून आला, हे मागे मागे विचारत जायला सांगावे.