मुंबईच्या गोदीचा स्फोट आणि महिनाभराचे मौन

लढाई रणांगणावर होते, पण तिची झळ स्वयंपाकघरापर्यंत पोचते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईकरांना याचा पुरेपूर अनुभव आला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. मुंबईत दिवे झाकले गेले, खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या लागल्या. मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि भातावर वाढलेल्या कोकणी कुटुंबांना तांदूळ मोजूनमापून मिळू लागला. युद्ध संपले, तरी रेशनकार्ड घराघरांत कायमचे राहिले.

धान्याप्रमाणे बातमीही मोजूनमापून मिळे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री होती. अफवा पसरविणे हा गुन्हा होता. सरकारी रेडिओ दोस्तांचे विजय सांगे, जर्मनीहून सुभाषबाबूंचा आवाज येई आणि १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईतच गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवीत होते. ऐकणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा?

या प्रश्नाची खरी कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दोन दिवसांपूर्वीच येऊन लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याबरोबर कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटा मात्र जहाजावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास आग दिसली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून भयंकर. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. गोदामांतील हजारो टन धान्य जळाले. मांडवी, सॅम्युएल स्ट्रीट, इस्रायल मोहल्ला हा आपल्या समाजाचा जुना भाग तर गोदीला लागूनच!

जपान्यांनी हल्ला केला, असेच अनेकांना वाटले. यात नवल नाही. त्याच दिवसांत जपानी फौजा कोहिमा-इंफाळपर्यंत आल्या होत्या. अशा वेळी सरकारने स्पष्ट शब्दांत सत्य सांगणे गरजेचे होते. परंतु वार्ताहरांना सविस्तर बातमी बाहेर पाठविण्याची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधीच, १५ एप्रिल रोजी, जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती साऱ्या जगाला सांगून टाकली होती.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. मुंबई हे लढाईच्या पुरवठ्याचे मोठे बंदर होते. त्याची हानी शत्रूला कळू नये, हा हेतू गैर नव्हता. पण शत्रूला तर ती दुसऱ्याच दिवशी ठाऊक होती! मग हे मौन कोणापासून लपविण्यासाठी? सायगाव रेडिओ काही सत्यप्रेमी नव्हता, त्याला आपले काम साधायचे होते. प्रचार नेहमी खोट्यावरच चालतो असे नाही. घरचा माणूस गप्प बसला की शत्रू खरे बोलूनही विश्वास मिळवतो, आणि मग त्याचे पुढचे खोटेही खपते.

चौकशीत ठपका आला तो हलगर्जीपणावर: दारूगोळ्याखाली कापूस ठेवणे, बावटा न लावणे, माल उतरविण्यास व अग्निशमन दलाला कळविण्यास झालेला उशीर. धक्क्यावरचा ढिगारा उपसायला सुमारे ८,००० माणसांना सात महिने लागले. उडालेला विश्वास असा फावड्याने भरून काढता येत नाही.

त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. वाचक बंधू-भगिनींनो, मांडवी-डोंगरीत वाढलेले असे कोणी वडीलधारे आपल्या घरी असतील, तर त्यांना त्या दुपारविषयी अवश्य विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. जे त्या वेळी छापू दिले गेले नाही, ते आता त्यांच्याच तोंडून मिळेल.