दोन पाळ्यांच्या मधलं रक्त आणि आपल्याच गावांचा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. विषय बायकांचा आहे म्हणून पुरुषांनी पुढं सरकू नये. उलट त्यांनीच आधी वाचावं. आपल्याकडं बाईनं दवाखान्यात कधी जायचं हे अजून बऱ्याच घरांत पुरुषच ठरवतात.

मी नववीत होतो तेव्हा माझी मावशी गेली. पाळी संपून आठ-दहा दिवस झाले की तिला पुन्हा लाल दिसायचं. ती आईच्या कानात सांगायची, "मधेच अंगावरनं जातंय गं." आजीचं उत्तर ठरलेलं, "चाळिशी आली की असं होतंच." मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बुवाचा अंगारा झाला. वर्षभरानं सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, फार उशीर झालाय.

हे दुखणं काही आजचं नाही. सुश्रुतसंहितेत 'असृग्दर' नावाचा आजार सांगितलाय आणि पाळीची वेळ नसताना जाणारं रक्तही त्यात धरलंय. म्हणजे दुखण्याला नाव होतं, त्यावर विचारही झाला होता. नव्हती ती बाईला हे मोकळेपणानं सांगायची जागा. पाळीला सरळ पाळी न म्हणता 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' म्हणणाऱ्या घरात, दोन पाळ्यांच्या मधल्या रक्ताला काय म्हणायचं?

बायका किती अंगावर काढतात हे जगासमोर आलं ते आपल्याच महाराष्ट्रातून. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी, उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारी खात्याला माहीत होतं.

आता आपल्या भागाकडं येऊ. 1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं त्यात होती. शहरात नोंदणी म्हणजे दवाखान्यांतून कागद गोळा करायचे. इथं तसं चालणार नव्हतं, कारण पेशंट दवाखान्यात पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. घरात बसून बायकांशी बोलले. पाळीच्या मधे रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, पाळी बंद झाल्यावर पुन्हा सुरू झालं का, हे विचारलं. असं असेल तर बार्शीला तपासून घ्या, म्हणून सांगितलं.

यात भारी मशीन नव्हतं, मोठा निधी नव्हता. होतं ते बोलणं. काही वर्षांत फरक दिसला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायका येत होत्या, त्यांत लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. लवकर आलेली बाई वाचण्याची शक्यता जास्त, हे वेगळं सांगायला नको.

पुढची पायरी आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. या कॅन्सरची सुरुवात बहुतेकदा काहीच लक्षण न दाखवता होते. रक्त दिसायच्या आधीच तो गाठायचा, म्हणून 1999 पासून तिथं 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. चार गट होते. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. 2009 साली निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं 64 मृत्यू झाले, एचपीव्ही तपासलेल्या गटात 34. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढं नैतिक वाद झाला, आणि तो रास्त होता. पण आज जगभरात एचपीव्ही तपासणीवर जे बोललं जातं, त्यामागं आपल्या जिल्ह्यातल्या बायका उभ्या आहेत, हे आपल्यालाच ठाऊक नाही.

याच इतिहासाचं काळं पान बीडचं. 2019 मध्ये सरकारी समितीसमोर आकडा आला, 82,309 ऊसतोड करणाऱ्या बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहांत एक. पांढरं जातं, लाल जातं, पोट दुखतं म्हणून गेलेल्या कितीतरी बायकांना "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली. वर फडावर सुट्टी घेतली की मजुरी कापली जाणार. मावशीचं कुणी ऐकलं नाही, आणि या बायकांच्या भीतीचा धंदा झाला. दोन्हीकडं नीट तपासणी तेवढी झाली नाही.

म्हणून सरळ सांगतो. मधेच रक्त गेलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. गर्भनिरोधक गोळी चुकलेली असते, तांबी किंवा इंजेक्शन असतं, थायरॉईड असतं, जंतुसंसर्ग, मस्सा किंवा गाठ असते. कधी गर्भ राहिलेला असतो आणि त्यात गुंतागुंत असते, तिथं मात्र घाई करावी लागते. कारण कळतं ते तपासल्यावरच, घरी अंदाज बांधून नाही. एखाद्या वेळी डाग पडला तर तारीख लिहून ठेवा. पुन्हा झालं, संबंधानंतर झालं, तर तपासून घ्या. पाळी बंद झाल्यावर एकदा जरी झालं तरी थांबू नका. आणि कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं, तर विचारा, "आतून तपासणी झाली का? सोनोग्राफी, एचपीव्ही किंवा पॅप केलं का? गोळ्यांनी भागेल का?" दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

मावशीचं गाव त्या 346 गावांत नव्हतं. शेजारच्या तालुक्यात होतं, हद्दीपासून थोडंसं पलीकडं. अलीकडच्या गावांत कुणीतरी अंगणात बसून विचारत होतं, "ताई, मधेच लाल जातं का?" पलीकडं विचारायला कुणी आलं नाही.

आज रात्री जेवताना आपापल्या घरात एवढं विचारून बघा. आवाज खाली न करता.