टाच, पोटरी आणि दादर

बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीच्या लेण्यांत जो मोठा चैत्य आहे, त्याच्या ओसरीत दगडात कोरलेली दांपत्ये उभी आहेत. सुमारे अठराशे वर्षे ती तशीच उभी आहेत. स्त्रियांच्या घोट्यांत जड तोडे आहेत, तळपायाखाली मात्र काही नाही. टाच आणि चवडा दोन्ही सारखे टेकलेले. आज ज्याविषयी आम्ही बोलणार आहो त्याची सुरुवात या मूर्तींपासून करण्याचे कारण इतकेच की, पोटरीचा स्नायू असा सपाट उभे राहण्यासाठी आणि अनवाणी चालण्यासाठीच घडलेला आहे. लेण्याला जाणारी माणसे खडकात खोदलेल्या पायऱ्या याच पोटरीच्या जोरावर चढली.

त्यानंतरचे दुसरे दृश्य तेथून फार दूरचे नाही. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील सेरामपूर येथे एक व्याख्यान दिले. त्यात आपण मुंबईत शाळेला जात असताना लोक कसे टक लावून पाहत हे त्यांनी सांगितले आहे. पुस्तके हाती घेऊन, बूट आणि मोजे घालून शाळेत जाणारी ही बाई कोण, असे लोक मोठ्याने विचारीत. म्हणजे त्या बुटाची टाच किती उंच, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. ब्राह्मणाच्या बायकोच्या पायात बूट असावा हाच अपराध होता. उंच टाचेविरुद्ध चार शब्द बोलताना हा इतिहास विसरून चालणार नाही. स्त्रीच्या पायताणाविषयी पुरुषांनी काढलेले उद्गार आजवर फारसे शहाणपणाचे ठरलेले नाहीत, आणि आम्हांस त्यांत भर घालावयाची नाही.

गंमत अशी की, उंच टाच ही मुळात पुरुषांची. इराणी घोडेस्वारांच्या जोड्यांना ती असे. रिकिबीत पाय अडकवून, उभे राहून बाण मारताना पाय निसटू नये म्हणून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहा अब्बास याचे वकील युरोपातील दरबारी गेले, इराणी चालीरीतींचे तेथे कौतुक झाले, आणि तिकडच्या सरदारांनी टाच उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर ती लाल रंगवून राजदरबाराची खूण केली. ज्याला चिखलात चालावयाचे नाही, ओझे उचलावयाचे नाही, त्यानेच असा जोडा घालावा. त्यातली ऐट तीच. घोड्याला टाच मारणे हा शब्दप्रयोग आपल्या मराठीत रोजचा, परंतु आपल्या जोड्याला मात्र ती उंची आली नाही. कोल्हापुरी वहाण सपाटच राहिली. पुढे युरोपात पुरुषांनी टाच टाकली आणि बायकांकडे ती उरली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या सुमारास, टाचेच्या आत पोलादी सळई घालण्याची युक्ती निघाली, तेव्हा ती पेन्सिलीइतकी बारीक होऊ शकली. आमच्या उपनगरांतील मुलींनी जी टाच पाहिली, पडद्यावर आणि पुढे दुकानांत, ती ही.

आता पोटरीकडे वळू. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा दोन फुगवट्यांचा, गुडघ्याच्या वरून निघणारा. त्याच्या खाली दडलेला एक चपटा. दोघांची मिळून एक जाड कंडरा होते आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. टाच वर उचलली की हा स्नायू आखूड होतो. घटकाभर आखूड झाला तर बिघडत नाही. परंतु दिवसाचे आठ-दहा तास आणि वर्षानुवर्षे त्याला त्याच स्थितीत ठेवले, तर तो ती स्थिती आपली मानू लागतो. २०१० साली व्हिएन्ना आणि मँचेस्टर येथील संशोधकांनी, निदान दोन वर्षे नित्य उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रिया आणि सपाट जोडे घालणाऱ्या स्त्रिया यांच्या पोटऱ्या तपासून पाहिल्या. पहिल्या गटात स्नायूचे तंतू दहाव्या हिश्शाहून अधिक आखूड झालेले आढळले आणि कंडरा जाड व ताठ झालेली. कंडरा ताठ झाल्याने चालताना जोर फारसा कमी पडत नाही. शरीराने एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने भरून काढले. पण घोटा पुढे वाकण्याची शक्ती घटली. म्हणूनच अशी स्त्री घरी येऊन जोडे काढते तेव्हा विसावा मिळण्याऐवजी पोटरी ओढल्यासारखी दुखते. पुष्कळ जणी सांगतात की सपाट चपलेनेच पाय दुखतात. त्या खोटे सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट चालण्याची. साध्या चालीत कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि परत आखडताना पाऊल पुढे ढकलते. स्नायूला फार खपावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील २०१२ च्या एका अभ्यासात असे दिसले की, टाचांची सवय झालेल्या स्त्रियांत, त्या अनवाणी चालल्या तरी, हा ताण कंडरेऐवजी स्नायूच्या तंतूंवर अधिक येतो. म्हणजे तेवढ्याच वाटेला मेहनत जास्त. तिसरी गोष्ट गुडघ्याची. टाच उंच केली की भार चवड्यावर जातो, गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना त्याला सावरून धरावे लागते. १९९८ मध्ये अमेरिकेत वीस स्त्रियांची चाल मोजली गेली, तेव्हा गुडघ्याला बाजूने वाकविणारा जोर अनवाणी चालीपेक्षा सरासरी २३ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

हे सारे सपाट, गुळगुळीत फरशीवर मोजलेले. घाटकोपरचा दादर तसा नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी लोकलगाडी सुरू झाली. उपनगरांतून कचेरीला जाणाऱ्या बायकांची संख्या किती वाढली होती याची ती पावतीच. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि दोन लोहमार्गांमधला प्रवास सोपा झाला. गाडी बदलताना चढणे-उतरणे काही संपले नाही. जिना चढताना उंच टाच पायरीबाहेर राहते आणि सारे वजन चवड्यावर तोलावे लागते. उतरणे त्याहून कठीण, कारण तेव्हा मागच्या पायाचा घोटा चांगलाच पुढे वाकावा लागतो. आणि आखडलेल्या पोटरीला नेमके तेच जड जाते. मागून गर्दी लोटत असते, हातात पिशवी असते.

आणखी एक प्रकार पाश्चात्त्य अभ्यासकांच्या फारसा ध्यानात येत नाही, तो उकिडवे बसण्याचा. टाचा न उचलता उकिडवे बसता येणे हे घोट्याच्या लवचिकपणावर अवलंबून आहे. मुलुंडच्या बाजारातील भाजीवाली तासन्‌तास तशी बसते. ज्या कचेरीतल्या मुलीला ते जमत नाही, तिला गावच्या घरी चुलीपाशी, किंवा साध्या देशी शौचकूपात, आपला पाय परका झाल्याचे कळते.

टाच ही हौसेची असेल तर तिचा हिशोब जिचा तिने ठेवावा. लग्नाला, समारंभाला दोन घटका घातल्याने पोटरी आखूड होत नाही. सवय लागलेलीने एकदम सपाट चपलेवर न येता उंची थोडी थोडी उतरवावी, आणि पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम करावा. परंतु जेथे टाच गणवेशाचा भाग म्हणून सक्तीची होते, तेथे हिशोब मालकाकडे मागितला पाहिजे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ साली अशी सक्ती नियमाने बंद केली. लुईच्या दरबाऱ्याला निदान दिवसभर उभे राहून गिऱ्हाइकांशी हसावे लागत नव्हते, आणि संध्याकाळी गाडीही पकडावयाची नव्हती.

चेंबूर-कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा वसाहतीत राजस्थानातून आलेली चर्मकार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पादत्राणे करीत आली आहेत. जोडा घडविणारा माणूस खाली मांडी घालून बसलेला असतो. शेजारी साच्यांची, तळव्यांची रास. तेथून निघालेला माल उपनगरांतील दुकानांत आणि स्थानकांबाहेरच्या पथाऱ्यांवर जातो, उंच टाचेचा आणि सपाट चपलेचा एकाच गाडीतून. आणि अंधेरीच्या फलाटावर संध्याकाळी पाहावे तर एखादी बाई खांबाला टेकून उभी असते. एका पायाने दुसऱ्या पायातला उंच जोडा ढकलून काढते, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल काढून पायांत सरकवते, आणि बोरिवली गाडीची सूचना ऐकू आली की सपाट पावलांनी पुढे धावते.